दारातला पांढरा

माझ्या धाकट्या जावेच्या डोळ्यांत काहीही दोष नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या पार्लरमध्ये महिनाभर याच्या नेमकं उलट बोललं गेलं आणि ते ऐकून तापलेलं माझं डोकं अजून थंड झालेलं नाही. चष्म्याच्या दुकानात तिची रीतसर तपासणी झाली. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ, ती मुंग्यांसारखी, तिने न अडखळता वाचली. रंगीत ठिपक्यांमध्ये लपवलेले आकडे वाचले. तपासणाऱ्याने विचारलं, "तुम्हाला पाठवलं कुणी इकडे?" ती म्हणाली, "आमच्या मालकीणबाईंनी." तो हसला. मला नाही हसू आलं. गवयाला सांगावं की जा, कान तपासून आण, तसला हा प्रकार.

आम्ही दोघी एकाच पार्लरमध्ये कामाला. मी भुवया करते, बावीस वर्षं झाली. ती नखं करते, तिला नऊ झाली. मीच तिला तिथे लावलं. तेव्हा माझे दीर म्हणाले होते, "वहिनी, लग्नाला वर्ष नाही झालं आणि माझ्या बायकोला जेलमध्ये पाठवताय?" नखांना लावायच्या त्या चिकट रंगालाही जेल म्हणतात, हे त्यांना ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून हा एकच विनोद आमच्या घरात चालू आहे. पाहुणे बदलतात, विनोद तोच.

धाकटीचे वडील रंगारी होते. भिंती रंगवायचे. ही लहानपणी त्यांच्याबरोबर डबे धरायला जायची. चुन्यात चिमूटभर नीळ टाकली की चुना जास्त पांढरा दिसतो, हे तिला पाढ्यांच्या आधी माहीत होतं. वडिलांचा एक हट्ट असे. नमुना कधी खोलीत दाखवायचा नाही. फळीवर चार पट्टे ओढायचे, घरमालकाला बाहेर उजेडात बोलवायचं आणि मग विचारायचं, यातला कुठला. आणि सांगायचे, "पांढरा एकटा बघू नये. एकटा असला की तो कसलाही असो, पांढराच वाटतो. शेजारी दुसरा पांढरा धरला की मग खरं बोलतो." हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की तिचे वडील मला माझेच कुणी वाटायला लागलेत.

तर हीच रीत तिने नखांना लावली. फ्रेंच म्हणून जो प्रकार असतो त्यात नखाचं अंग नखासारखंच गुलाबीसर ठेवतात आणि टोकाला पांढरी कोर काढतात. बस, एवढंच. लोकांना वाटतं, त्यात निवडायचं काय? लाल म्हटलं तर पन्नास लाल असतात हे सगळ्यांना पटतं, पण पांढरे पाच असतात म्हटलं की बायका हिच्याकडे अशा बघतात जणू ही दुधात पाणी घालतेय. धाकटीकडे पाच पांढऱ्या बाटल्या होत्या आणि कंपनीची लांबलचक नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत म्हणून तिने प्रत्येकीला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहून लावलं होतं. खडू, कागद, दूध, साय, शिंपला. खडू म्हणजे ठार पांढरा, ज्यातून काही दिसत नाही. कागद जरा निळसर. दूध पातळ, खालचं नख जाणवू देणारा. साय पिवळसर, उबदार. शिंपल्याला किंचित चकाकी.

बाई आली की धाकटी आधी तिचे हात बघायची, मग डोळे, मग तिला बोलतं करून दात. मग काड्यांवर लावलेली नमुन्याची पाच नखं उचलायची आणि म्हणायची, "चला, दारात." पार्लरच्या काचेच्या दाराबाहेर दोन पायऱ्या आहेत. तिथे उभं राहून ती एकेक काडी बाईच्या बोटाशेजारी धरायची. सावळ्या लांब बोटांच्या एका बाईने एकदा खडूच पाहिजे म्हणून हट्ट धरला होता. धाकटीने पायरीवर तिला दोन्ही दाखवले आणि म्हणाली, "हा लावला तर नखं शेजारणीकडून मागून आणल्यासारखी दिसतील. हे दूध बघा, हे तुमचं स्वतःचं वाटतं." बाई दूध लावून गेली आणि पुढच्या महिन्यात बहीण, नणंद आणि ऑफिसातल्या तिघींना घेऊन आली. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझी खुर्ची दाराजवळच आहे.

मग आला मालकीणबाईंचा भाचा.

तो कुठेतरी सजावटीचा कोर्स करून आला होता आणि मावशीच्या पार्लरवर हात साफ करून घ्यायचा त्याचा विचार होता. चांगले लख्ख पांढरे ट्यूबलाइट काढले आणि छतात पिवळे दिवे बसवले. का, तर फोटोत चेहरे मऊ दिसतात. दाराच्या आणि दर्शनी काचेला दुधी कागद चिकटवला. का, तर रस्त्यावरून आत दिसलं की हलकं वाटतं. धाकटीच्या बाटल्यांवरच्या चिकटपट्ट्या त्याने नखाने खरवडून काढल्या आणि हाताला येतील तसे एक ते पाच आकड्यांचे गोल ठिपके लावले. "साय, खडू काय? शाळेचा डबा आहे का हा?" असं म्हणाला. आणि शेवटचा नियम मालकीणबाईंनीच सांगितला. क्लायंटला दारात न्यायचं नाही. बायका पायरीवर उभ्या राहून बोटं नाचवतात, बरं दिसत नाही.

धाकटीने एवढंच विचारलं, "मॅडम, मग पांढरा बघायचा कुठे?"

"इथेच बघ की. एवढे दिवे कशाला लावलेत?"

तो दिवा नव्हता, ते फसवणं होतं. त्या उजेडात कागद, दूध आणि साय एकाच आईची तीन लेकरं वाटायची. मी स्वतः पाहिलं. पाची काड्या हातात घेतल्या आणि तीन मला वेगळ्या सांगता येईनात. मी काही नखांतली नाही, पण आंधळीही नाही. धाकटीला आकडे पाठ होते म्हणून तिचं चालायचं. पण ज्या बाईने निवडायचं, तिने काय करायचं? त्याच आठवड्यात मालकीणबाईंनी हौसेने आपली नखं करून घेतली, स्वतः नंबर तीन निवडून. तीन म्हणजे साय, दोन म्हणजे कागद. धाकटी म्हणाली, "मॅडम, हा जरा पिवळा आहे." मालकीणबाईंनी हात दिव्याखाली फिरवला आणि म्हणाल्या, "कुठे पिवळा? बर्फासारखा आहे." धाकटीने बर्फ लावून दिला.

आणि मग अंगठ्यांच्या दुकानातली ती बाई आली. तिचं काम असं, की गिऱ्हाइकाला दाखवायची अंगठी आधी आपल्या बोटात घालायची आणि हात पुढे करायचा. दिवसभर लोक तिचे हातच बघतात. तिने आल्या आल्या सांगितलं, "मला स्वच्छ पांढरी टोकं हवीत. आमच्याकडे सगळं पांढरं आहे, दिवे पांढरे, मखमल पांढरी." काड्या बघितल्या आणि तिनेही तीनवर बोट ठेवलं.

धाकटी म्हणाली, "ताई, हा बाहेर पिवळा दिसेल. तुमच्या मखमलीवर तर नक्कीच. दोन नंबर घ्या."

"दोन आणि तीन सारखेच तर आहेत."

"इथे सारखे आहेत. एक मिनिट दारात..."

गल्ल्यावरून मालकीणबाईंचा आवाज आला, "क्लायंटला घाबरवू नकोस. त्यांना आवडलाय तो लाव."

आता माझी गोष्ट सांगते, कारण दुसऱ्यांवर तोंड सोडायचं आणि स्वतःला वगळायचं हे मला जमत नाही. मी तेव्हा चार हातांवर होते. एकीच्या भुवया करत होते. भुवया करताना दोऱ्याचं एक टोक दातांत धरावं लागतं. माझ्या तोंडात दोरा होता, म्हणून मी बोलले नाही. असं मी घरी येऊन सांगितलं. खरं म्हणजे दोरा थुंकायला किती वेळ लागतो? मी मूग गिळून बसले. बावीस वर्षांची नोकरी माझ्या दातांत होती, दोरा नव्हता.

तिसऱ्या दिवशी ती बाई परत आली ती लाल होऊन. दुकानात अंगठी दाखवताना गिऱ्हाइकाच्या नवऱ्याने तिच्या नखांकडे बघितलं होतं आणि तिच्या साहेबांनी नंतर बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुम्ही सिगरेट ओढता का?" तिला काउंटरवरून उठवून मागे पॅकिंगला बसवलं होतं. तिने मोबाइलवर फोटो दाखवला. पांढऱ्या मखमलीवर तिचे हात, आणि टोकं कशी, तर जुन्या कंगव्याच्या दातांसारखी. ती चिडली यात तिचं काही चुकलं नाही. मीही चिडले असते. ती मालकीणबाईंवर चिडली, म्हणजे योग्य ठिकाणी आली होती.

पण मालकीणबाई काय म्हणाल्या? "आमच्या मुलीची चूक झाली. तिच्या नजरेत जरा फरक पडलाय बहुतेक. मी बघते." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी त्या दिवशी पार्लरमध्ये उभ्याने पाहिली. दिवे बसवणारा भाचा तिथेच सोफ्यावर मोबाइल बघत लोळत होता. त्याला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. आपला तो बाब्या.

धाकटीने त्याच वेळी दोन नंबर काढून त्या बाईची दहाही बोटं पुन्हा करून दिली. बाई गेल्यावर म्हणाली, "मॅडम, मी सांगितलं होतं." त्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं. आधी डोळे तपासून ये."

तपासले. तपासणीचा कागद आणला. मालकीणबाईंनी तो वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "डोळे चांगले आहेत तर मग लक्ष नसेल." म्हणजे डोळे वाईट निघाले असते तरी हिची चूक, चांगले निघाले तरी हिचीच. त्या अंगठ्यांच्या बाईला लेखी माफी पाठवायचं त्यांनी ठरवलं. मजकूर असा, की रंग ओळखण्यात माझ्या नजरेची चूक झाली, आणि खाली धाकटीची सही. आणि त्याची एक प्रत आरशाशेजारी लावायची, म्हणजे बाकीच्या मुलींना धडा. सोमवारी सही करायची. नाहीतर सोमवारपासून यायचं नाही.

मला वाटलं होतं, धाकटी घरी येऊन भांडी आपटेल. ती तशी नाकावर रागाची आहे. दिरांशी तर ती उशीच्या अभ्र्यावरूनही भांडते, कारण ते निळसर अभ्रे पिवळट चादरीवर घालतात. पण रविवारी सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावले तर ओट्यावर चार बशा. एकीत मीठ, एकीत साखर, एकीत पिठी, एकीत दाताची पावडर. बशा घेऊन ती खिडकीशी गेली, परत आली, परत गेली.

"काय चाललंय गं?"

"ताई, यातलं सगळ्यात पांढरं कुठलं?"

"मीठ."

तिने मान हलवली. "मलाही मीठच वाटतंय." मग मिठाची बशी उचलून म्हणाली, "पण मला वाटतंय म्हणून ते तसं आहेच, असं आता सांगता येत नाही. मला खरंच दिसत नसेल का हो? आणि कळतही नसेल?"

नोकरी गेली तर दुसरी मिळते. नखं करणाऱ्या बायका काही कमी नाहीत आणि नखंही कमी नाहीत. पण ज्या पोरीने अक्षर ओळखण्याआधी चुना ओळखला, तिला चार पिवळ्या दिव्यांनी आणि एका बाईच्या घमेंडीने मिठाची बशी घेऊन खिडकीशी उभं केलं. तिचे वडील असते तर त्यांनी त्या भाच्याला नीळ पाजली असती. दीर टेबलाशी बसून चहा पीत होते. त्यांना त्या दिवशी जेलचा विनोद सुचला नाही. ते म्हणाले, "सही करू नकोस." ती म्हणाली, "आणि चूक माझी असली तर?"

सोमवारी आम्ही दोघी गेलो. माझ्या खुर्चीत पहिलीच बाई होती, डावी भुवई झाली होती, उजवी व्हायची होती. मालकीणबाईंनी छापलेला कागद गल्ल्यावर ठेवला आणि त्यावर पेन. भाचा आरशाशेजारी कागद लावायची जागा मापत होता, पट्टी घेऊन. एवढं माप त्याने दिवे लावताना घेतलं असतं तर!

धाकटी गल्ल्यापाशी गेली. कागद वाचला. पेन हातात घेतलं. मग तिने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाली, "सही करते मॅडम. पण दारात करते."

"आता सहीलाही दार लागतं तुला?"

"इथे मला कागद पांढरा दिसत नाही. माझ्या डोळ्यांत दोष आहे का नाही ते मलाच बघायचंय. बाहेरही असाच दिसला तर सही करेन. मग तुम्ही म्हणाल तिथे लावा."

यात नाटक नव्हतं. तिला खरोखरच बघायचं होतं. मालकीणबाई वैतागल्या, पण सोफ्यावर दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यादेखत आढेवेढे कशाला म्हणून कागद उचलून त्याच पुढे निघाल्या. दार उघडलं, पायरीवर उभ्या राहिल्या आणि कागद दाराच्या काचेवर तळहाताने दाबून धरला, बोटं पसरून. "हं. कर."

अकराची वेळ. ऊन समोरच्या इमारतीवरून उलटून थेट त्या दारावर येत होतं. कागद निळसर शुभ्र झाला. आणि त्याच्यावर मालकीणबाईंची पाच बोटं, टोकांना पाच कोरी, लोण्यासारख्या पिवळ्या.

धाकटीचा हात थांबला. ती कागदाकडे बघत होती, बोटांकडे बघत होती. तिचा चेहरा मला दिसला. रविवारपासून जे काही तिच्या छातीवर बसलं होतं ते उठून गेलं. तिला दिसत होतं. जे होतं तेच दिसत होतं. तेवढ्यावर ती समाधानी झाली असती, मी ओळखते तिला. कदाचित सहीही करून टाकली असती.

माझ्या दातांत दोरा होता. मी तो थुंकला.

"मॅडम," मी खुर्चीजवळूनच म्हणाले, आणि माझा आवाज पार्लरभर गेला, "जरा स्वतःची नखं बघा. सिगरेट कधीपासून सुरू केलीत?"

मालकीणबाईंनी बघितलं. सोफ्यावरच्या दोघी उठून दारात आल्या, त्यांनीही बघितलं. माझी एका भुवईची बाई मान वाकडी करून म्हणाली, "अय्या, खरंच की." हात दाखवून अवलक्षण म्हणजे काय, ते मी आजवर नुसतं बोलत होते. मालकीणबाईंनी बोटं मिटून घेतली. हाताचा दाब सुटला तसा कागद काचेवरून घसरला आणि पायरीवर पडला. धाकटीने तो वाकून उचलला.

आता तुम्ही विचाराल, मग मालकीणबाईंनी माफी मागितली असेल? छे! त्या आत गेल्या, गल्ल्यावर बसल्या, आणि म्हणाल्या, "आजकाल कंपन्या जेलच असले पाठवतात." पोलिसाने पकडलं तर हा रस्ताच वाकडा म्हणणाऱ्यांतली ही जात. भाच्याला त्या एक शब्द बोलल्या नाहीत. दिवे अजून पिवळेच आहेत. मला मात्र आठवडाभर सगळ्यात शेवटी जेवायची सुट्टी मिळाली आणि ती मी मोठ्या चवीने घेतली.

बदललं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आपल्या खोलीतून म्हणाल्या, कुणाकडे न बघता, "नखांचं टेबल दाराजवळ घ्या." आणि धाकटीसमोर येऊन हात ठेवला. "हे काढ आणि दुसरं लाव."

"कुठला लावू?"

"तूच बघ."

याला माफी म्हणायची का? मी म्हणणार नाही. धाकटी म्हणते, "जाऊ द्या ना ताई." ती नाकावर रागाची आहे, पण राग तिथेच ठेवते, खाली उतरू देत नाही. माझा थेट काळजात उतरतो.

तो माफीचा कागद तिने टाकून दिला नाही. बिनसहीचा तो तिच्या खणात आहे, बाटल्यांखाली. कुणी फ्रेंच करायला आलं की ती तो काढते, कोरी बाजू वर करून बाईच्या हाताखाली सरकवते आणि म्हणते, "चला, दारात. याच्याशेजारी बघा, म्हणजे कळेल." इतका स्वच्छ पांढरा पार्लरमध्ये दुसरा नाही, असं तिचं म्हणणं. बायका त्यावर बोटं पसरतात, पांढरा निवडतात, खूश होतात. मी माझ्या खुर्चीजवळून बघत असते. उन्हात कागद धरला की मागचं छापलेलं आरपार दिसतं, उलट्या अक्षरांत. रंग ओळखण्यात माझ्या नजरेची चूक झाली. मला ते आता उलटंही वाचता येतं, आणि दर वेळी दोरा माझ्या दातांत जरा जास्तच घट्ट होतो.